वेगाचें एक वाक्य व गतीचे तीन नियम

गेल्या पावसाळ्यांत आमच्या नातवाच्या विज्ञानाच्या वहींत तीन संस्कृत ओळी लिहिलेल्या आमच्या दृष्टीस पडल्या. शाळेच्या भिंतीवरील फलकावरून त्यानें त्या उतरून घेतल्या होत्या. ओळींच्या माथ्यावर 'महर्षि कणादांचे गतीचे तीन नियम, ख्रिस्तपूर्व ६००' असा मथळा, आणि प्रत्येक ओळीसमोर न्यूटनचा एक एक नियम मराठींत मांडलेला. पहिलीसमोर, बाहेरून बल लागल्यावांचून पदार्थाच्या गतींत बदल होत नाहीं हा. दुसरीसमोर, गतींतील बदल लावलेल्या बलाच्या प्रमाणांत व त्याच्याच दिशेनें होतो हा. तिसरीसमोर, प्रत्येक क्रियेस समान व विरुद्ध प्रतिक्रिया असते हा. मुलगा आठवीच्या वर्गांत आहे. बल, गति, कार्य, ऊर्जा हे विषय त्याचे नुकतेच सुरू झाले आहेत. त्यानें आम्हांस विचारलें, "आजोबा, तुम्हांला संस्कृत येतं ना? मग ह्या ओळींत बल हा शब्द कुठे आहे?"

प्रश्न बिनतोड होता. तिन्ही ओळींचा आरंभ 'वेग' या शब्दानें होतो; 'बल' हा शब्द एकींतही नाहीं. 'समान' नाहीं, 'प्रतिक्रिया' नाहीं. मग त्या ओळींत आहे तरी काय, आणि त्या आल्या कोठून, याचा शोध घेणें आम्हांस भाग पडलें. याच ओळी अलीकडे लहानसहान पुस्तिकांतून व भ्रमणध्वनीवरील निरोपांतून सर्वत्र फिरत आहेत, असें पुढें चौकशींत कळलें. मूळ ग्रंथाचें पान उघडून पाहण्याचें कष्ट मात्र त्या फिरविणारांपैकीं फारच थोड्यांनीं घेतलेले दिसतात.

या बाबतींत दुसऱ्यास बोल लावण्यापूर्वीं आमचा स्वतःचा अपराध सांगणें न्याय्य होईल. आम्हीं तीस वर्षें शाळेंत संस्कृत शिकविलें. भास्कराचार्यांच्या गोलाध्यायांत (शके १०७२, सन ११५०) पृथ्वीच्या आकर्षणशक्तीचा उल्लेख येतो, एवढ्यावरून न्यूटनचा गुरुत्वाकर्षणाचा नियम आमच्या पूर्वजांस पांचशें वर्षें आधीं ठाऊक होता, असें आम्हीही वर्गांत ठांसून सांगत असूं. पृथ्वी जड वस्तूंस स्वशक्तीनें आपल्याकडे ओढते, एवढेंच आचार्यांनीं म्हटलें आहे. वस्तुही पृथ्वीस तितक्याच बलानें ओढते, आणि अंतर दुप्पट झालें म्हणजे ओढ चतुर्थांश उरते, हें त्यांत नाहीं. आणि न्यूटनच्या नियमाचा सगळा प्राण तर त्या दोन गोष्टींत आहे. एका विज्ञानशिक्षक स्नेह्यानें हें आम्हांस दाखवून दिलें तेव्हां आमची नोकरी संपत आली होती. ज्या मुलांना आम्हीं तसें सांगितलें त्यांस आतां गांठून दुरुस्ती करणें शक्य नाहीं. नातवाच्या वहीचें प्रकरण आम्हीं मनावर घेतलें त्याचें एक कारण हें होय.

प्रथम सूत्रपाठ पाहिला. वैशेषिक सूत्रांचे तीन पाठ आज छापील उपलब्ध आहेत. एक शंकरमिश्रांच्या उपस्कार टीकेबरोबर चालत आलेला. दुसरा १९५७ सालीं मिथिला विद्यापीठानें अनंतलाल ठाकूर यांच्याकडून संपादवून एका अनामिक टीकेसह छापलेला. तिसरा चंद्रानंदाच्या वृत्तीसह मुनि जंबुविजयांनीं संपादिलेला व १९६१ सालीं बडोद्याच्या गायकवाड प्राच्यग्रंथमालेंत १३६ व्या क्रमांकानें प्रसिद्ध झालेला. पाठभेद पुष्कळ आहेत, सूत्रांचे अनुक्रमांकही जुळत नाहींत. परंतु एकंदर सूत्रें पावणेचारशांच्या आसपास, म्हणजे सगळा ग्रंथ एका सकाळीं नजरेखालून घालतां येण्याजोगा. वहींतील तीन ओळींपैकीं एकही ओळ सूत्र म्हणून यांपैकीं कोणत्याही पाठांत आम्हांस आढळली नाहीं. मथळ्यांतील सनाचीही तीच गत. सूत्रांचा काल कोणी ख्रिस्ती शकाच्या आधींच्या शतकांत, कोणी पहिल्या दुसऱ्या शतकांत मानतात. ख्रिस्तपूर्व ६०० हा आंकडा कोणत्याही पोथीवर, लेखावर वा परग्रंथांतील उल्लेखावर उभा नाहीं.

तथापि ओळी केवळ कल्पित नव्हत्या. त्यांची भाषा ओळखीची होती. विद्यार्थिदशेंत गुरुजींपुढें बसून ती आम्हीं घोकली होती. प्रशस्तपादांच्या पदार्थधर्मसंग्रहांत गुणांच्या प्रकरणीं 'संस्कार' नांवाच्या गुणाचे तीन भेद सांगितले आहेत: वेग, भावना व स्थितिस्थापक. त्यांतील वेगाचें जें एकच लांबलचक वाक्य आहे, त्याचे तुकडे करून या तीन ओळी सिद्ध केल्या आहेत. प्रशस्तपादांचा काल विद्वान् सहाव्या शतकाच्या आसपास ठेवतात. म्हणजे कणादांचें म्हणून जें दाखविलें जातें तें कणादांचें नव्हे. आणि ज्यांचें आहे त्यांचें नांवही फलकावर नाहीं.

तें वाक्य कसें आहे हें वाचकांस कळावें म्हणून त्याचीं अंगें मराठींत क्रमानें सांगतों. वेग हा पांच मूर्त द्रव्यांत, म्हणजे पृथ्वी, जल, तेज, वायु व मन यांत असतो, हें पहिलें अंग. तो कर्मापासून, म्हणजे चलनापासून, कांहीं विशेष निमित्ताच्या साहाय्यानें उत्पन्न होतो, हें दुसरें. तो ठराविक दिशेनें होणाऱ्या क्रियांच्या मालिकेचें कारण असतो, हें तिसरें. स्पर्शयुक्त द्रव्याशीं होणारा विशिष्ट संयोग त्याचा विरोधी, म्हणजे त्याला नष्ट करणारा असतो, हें चौथें. आणि कोठें कोठें तो अवयवांतील वेगापासून अवयवींत उत्पन्न होतो, हें पांचवें. कर्ता एक, विषय एक, आणि मांडणी भाष्यकारांची नेहमींची: गुण कोठें राहतो, कशापासून होतो, काय करतो, कशानें नाहींसा होतो.

आतां कातरकाम पाहा. पहिलें अंग समूळ गाळलें आहे. कां गाळलें हें उघड आहे: वेग मनांतही असतो, हें यंत्रशास्त्राच्या नियमांत शोभलें नसतें. दुसरें अंग घेऊन पहिली ओळ केली. मग तेंच दुसरें अंग किंचित् फिरवून पुन्हां घेतलें, त्याला तिसरें अंग जोडलें, आणि दुसरी ओळ झाली. चौथ्या अंगाचा पूर्वभाग, 'स्पर्शयुक्त द्रव्याशीं' हा, छाटून उरलेल्या 'संयोगविशेषविरोधी' या समासामागें 'वेग' हा कर्ता पुन्हां बसविला, कीं तिसरी ओळ तयार. पांचवें अंग टाकून दिलें. पोथ्या वाचणारास लेखकाचा दृष्टिदोष नवा नाहीं. डोळा एका ओळीवरून दुसरीवर घसरतो आणि मधलें वाक्य गळतें. पण लेखकप्रमादानें कर्ता तीनदां उगवत नाहीं. येथें हात बुद्धिपुरःसर चालला आहे.

सर्वांत जास्त अनर्थ तिसऱ्या ओळींत झाला आहे. 'विरोधी' हा शब्द पाहून 'विरुद्ध' प्रतिक्रिया आठवावी, इतका हा संबंध सोपा आहे, आणि तितकाच चुकीचा. वैशेषिकांच्या परिभाषेंत एका गुणाचा विरोधी म्हणजे त्याला अडविणारा वा नाहींसा करणारा. प्रशस्तपादांनीं हाच शब्द गुरुत्वासंबंधानेंही वापरला आहे: गुरुत्वाचे विरोधी तीन, संयोग, प्रयत्न व संस्कार. टीकाकार याचीं उदाहरणें देतात. देठाशीं संयोग आहे तोंवर फळ पडत नाहीं; प्राण्याचें शरीर त्याच्या प्रयत्नामुळें पडत नाहीं; सुटलेला बाण वेगामुळें पडत नाहीं. आतां देठ फळाला धरून ठेवतो यावरून न्यूटनचा तिसरा नियम काढावा असें कोणास सुचेल काय? वेगाविषयींचा चौथा भाग इतकाच सांगतो कीं, बाण भिंतीवर आदळला म्हणजे त्याचा वेग संपतो. भिंतीवर बाणाचा आघात किती, बाणावर भिंतीचा किती, दोन्ही समान कीं असमान, याचा तेथें विचारच नाहीं.

पहिल्या दोन ओळींचें काय? येथें थोडें सावकाश गेलें पाहिजे, कारण या ठिकाणीं आमच्या जुन्या ग्रंथकारांची दृष्टि खरोखर सूक्ष्म आहे, आणि तिचें सूक्ष्मत्व चुकीच्या दाव्यामुळें झांकलें जातें.

वैशेषिकांच्या मतें कर्म क्षणिक आहे. पदार्थ एका स्थानाहून सुटला व पुढच्या स्थानाशीं जुळला कीं तें कर्म संपलें. पुढें जावयाचें तर दुसरें कर्म पाहिजे, आणि त्याला दुसरें कारण पाहिजे. धनुष्यापासून सुटलेल्या बाणाला दोरीचा संबंध राहिलेला नसतो. मग तो पुढें पुढें कशानें जातो? सूत्रांच्या पांचव्या अध्यायाच्या पहिल्या आह्निकांत याचें उत्तर आहे: बाणाचें पहिलें कर्म नोदनानें, म्हणजे ढकलण्यानें, त्या कर्मानें बाणांत संस्कार उत्पन्न होतो, त्या संस्कारानें पुढचें कर्म, आणि तसेंच पुढें पुढें, संस्कार संपला कीं गुरुत्वानें पतन. हा संस्कार एकच राहतो कीं क्षणोक्षणीं नवा होतो, यावर वैशेषिक व नैयायिक यांचा वाद झाला. पहिले एकच मानीत, दुसरे मालिका मानीत.

न्यूटनचें म्हणणें याच्या बरोबर उलट आहे. १६८७ सालच्या त्याच्या ग्रंथांतील पहिल्या नियमाप्रमाणें, सरळ रेषेंत एकसारखें चालणें चालूं राहण्यास कांहींच कारण लागत नाहीं. कारण लागतें तें थांबण्यास, वळण्यास वा चाल बदलण्यास. जेथें प्रशस्तपाद बाणाच्या पोटांत वेग नांवाचा गुण घालून त्याची गति चालती ठेवतात, तेथें न्यूटन तो गुण काढूनच टाकतो. वेगाला बल म्हणावें तर तो बाहेरून लागणारा नव्हे, आंत राहणारा आहे. गति म्हणावी तर तो गतीपासून जन्मतो व गतीस जन्म देतो, म्हणून तो गतीहून वेगळा. त्याला जवळचा सोयरा शोधावयाचा तर तो न्यूटनकडे नाहीं. सहाव्या शतकांतील अलेक्झांड्रियाचा फिलोपोनस व चौदाव्या शतकांतील पॅरिसचा ब्युरिदान यांच्याकडे आहे. फेंकलेल्या दगडांत फेंकणारा एक आंतरिक जोर ठेवून देतो, असें तेही म्हणत. तिघांनीं एकच कोडें सोडविण्याचा यत्न केला आणि तिघांचें उत्तर एकमेकांच्या जवळ आलें, ही गोष्ट आम्हांस फुकाच्या अग्रक्रमापेक्षां किती तरी मोलाची वाटते. ब्रजेंद्रनाथ सील यांनीं १९१५ सालीं प्राचीन हिंदूंच्या विज्ञानांवरील आपल्या इंग्रजी ग्रंथांत वेगाचें हें प्रकरण गांभीर्यानें मांडलें आहे. ज्यांस अभिमान धरावयाचा असेल त्यांनीं तेथून आरंभ करावा.

दुसऱ्या नियमाची गोष्ट एका वाक्यांत संपते: त्याचा अर्थ मोजमापांत आहे, आणि वैशेषिकांनीं वेगाचें तीव्र व मंद असे प्रकार केले तरी त्याचें माप केलें नाहीं.

फलक लिहिणारास तिसऱ्या नियमाच्या आसपासचें कांहीं कणादांत दाखवावयाचेंच होतें, तर त्यानें वाक्य कापण्याऐवजीं पांचव्या अध्यायाचा आरंभ वाचावयास हवा होता. तेथें उखळ व मुसळ आहे. कांडणाराचा हात त्याच्या इच्छाप्रयत्नानें वर जातो. हाताच्या संयोगानें मुसळ वर जातें. मग मुसळ खालीं येऊन उखळावर आदळतें आणि उसळतें. त्या उसळण्याचें कारण हात नव्हे, आघात, असें सूत्र सांगतें. इतकेंच नव्हे, त्या वेळीं हात मुसळाबरोबर वर उचलला जातो तोही कांडणाराच्या प्रयत्नानें नव्हे, मुसळाच्या संयोगानें, असें पुढचें सूत्र म्हणतें. आमच्या लहानपणीं कोंकणांतील घरीं आजी भात कांडीत असतां आम्ही मुसळाला हात लावून उभे राहत असूं. आदळल्याबरोबर हाताला वर जो झटका बसे तो अजून स्मरतो. हें सूत्र लिहिणारानें कांडणें जवळून पाहिलें होतें, किंबहुना स्वतः मुसळ धरून पाहिलें असावें, असें आमचें मत आहे. उखळ मुसळास परत ढकलतें, हें त्यानें टिपलें. तें किती बलानें ढकलतें, हें त्यानें विचारलें नाहीं. निरीक्षण व नियम यांतील अंतर मुलाला समजावून देण्यास याहून चांगलें उदाहरण आम्हांस ठाऊक नाहीं.

भाष्यांत अशीं मुलांच्या उपयोगाचीं स्थळें आणखीही आहेत. ढकलणें दोन प्रकारचें सांगितलें आहे. ज्या संयोगानंतर दोन वस्तु लगेच विलग होत नाहींत तें नोदन. पाय चिखलांत हळूच दाबावा तसें. ज्यानंतर विलग होतात तो अभिघात; टणक दगडावर आपटावें तसा. आणि पाय जेथें पडला तेथला चिखल तर हलतोच, पण ज्याला पाय लागलाच नाहीं असा आजूबाजूचा चिखलही हलतो. त्यास संयुक्तसंयोग हें निराळें कारण दिलें आहे. भाताच्या खाचरांत एक पाऊल टाकून हे दोन भेद प्रत्यक्ष दाखवितां येतात, आणि तिसऱ्यासाठीं बांधावरचा दगड आहेच.

जेथें कारण सांपडलें नाहीं तेथें सूत्रकारांनीं 'अदृष्ट' म्हणून प्रामाणिकपणें हात टेकले आहेत. लोहचुंबकाकडे सुईचें जाणें, ज्वालेचें वर चढणें, वाऱ्याचें आडवें वाहणें, झाडांत पाण्याचें वर जाणें, हीं सगळीं अदृष्टाच्या खातीं टाकलीं आहेत. ज्यांस सर्व आधुनिक विज्ञान सूत्रांत शोधावयाचें असतें ते या सूत्रांविषयीं मौन बाळगतात. आम्हांस मात्र हीं सूत्रें विशेष प्रिय आहेत. न कळलेल्या गोष्टींची यादी करून ठेवणारा मनुष्य विश्वासास पात्र असतो.

मुलांसाठीं पदार्थविज्ञान लिहिण्याची परंपराही आपल्याकडे होती, आणि ती आपल्या वाचकांच्या दप्तरांतच आहे. सतराव्या शतकांतील अन्नंभट्टांनीं आपला तर्कसंग्रह बालकांस सुखानें बोध व्हावा म्हणून रचला, असें ते आरंभींच सांगतात. न्याय शिकणाराचें हें पहिलें पुस्तक. त्यामुळें याच्या प्रती देशभर इतक्या झाल्या आहेत कीं रुमालांत एखादी निघाली तर संग्राहक ती बाजूस ठेवून पुढें जातो. मुंबई संस्कृत ग्रंथमालेंत यशवंत वासुदेव आठल्ये यांनीं तयार केलेली व महादेव राजाराम बोडस यांच्या प्रस्तावनेसह १८९७ सालीं निघालेली आवृत्ति आमच्या पिढीनें शाळा-कॉलेजांत वापरली. काशीच्या संस्कृत पाठशाळेचे प्रमुख जेम्स बॅलंटाईन यांनींही एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास याच पुस्तकाचें भाषांतर करून, न्यायाच्या परिभाषेच्या पायरीवरून पंडितांस युरोपीय विज्ञानाकडे नेण्याचा उद्योग केला होता.

या लहानशा पुस्तकांतील तीन शब्द आज महाराष्ट्रांतील प्रत्येक मुलाच्या विज्ञानाच्या पुस्तकांत आहेत. आणि तिघांचें नशीब तीन तऱ्हांनीं फिरलें आहे. गुरुत्व हा तेथें पृथ्वी व जल या दोनच द्रव्यांत राहणारा, डोळ्यांस न दिसणारा गुण असून तो पहिल्या पतनाचें कारण आहे. दुसऱ्या क्षणापासूनच्या पतनास वेग कारण होतो. आजच्या पुस्तकांतील गुरुत्वीय बल दोन वस्तूंच्या मध्यें असतें, एकींत नव्हे. शब्द तोच, अर्थ एका घरांतून दुसऱ्या घरीं गेला. वेग हा शब्द तर पार बदलला. तो आतां गुण राहिला नाहीं. ठराविक दिशेनें एकक कालांत झालेलें विस्थापन असा त्याचा अर्थ आहे, आणि दिशा सोडली तर त्यालाच चाल म्हणतात. मात्र 'ठराविक दिशा' ही प्रशस्तपादांच्या वाक्यांतील खूण नव्या अर्थांतही टिकली आहे, हा योगायोग आम्हांस मोठा गमतीचा वाटला. जुन्या वेगाच्या जवळ जाणारा जो अर्थ, तो आज संवेग या शब्दाकडे गेला आहे. पण संवेग वस्तुमान व वेग यांच्या गुणाकारानें मोजतात, जुना वेग मोजीत नसत. तिसरा शब्द स्थितिस्थापक. तो जवळजवळ जसाच्या तसा आला. वांकविलेली वस्तु पूर्वस्थितीस आणणारा तो गुण. अन्नंभट्टांनीं चटईचें उदाहरण दिलें आहे. प्रशस्तपादांनीं धनुष्य, फांदी, शिंग, हाड, सूत व वस्त्र हीं दिलीं आहेत.

जो शब्द नाहीं त्याविषयींही बोललें पाहिजे. ऊर्जा या अर्थाचा पदार्थ न्यायवैशेषिकांत नाहीं. ऊर्ज् हा वैदिक शब्द पोषण व सामर्थ्य यांचा वाचक आहे. त्याला आजचा अर्थ परिभाषाकारांनीं दिला. यांत कमीपणा कांहींच नाहीं, कारण युरोपांतही ही कल्पना न्यूटनच्या हयातींत स्पष्ट झाली नव्हती. मायर, जूल व हेल्महोल्ट्झ यांचें काम १८४२ ते १८४७ या वर्षांतलें, आणि स्थितिज ऊर्जेस तिचें नांव रँकिननें १८५३ सालीं दिलें. परंतु प्रशस्तपादांनीं कर्माच्या प्रकरणांत बाण सोडण्याची जी हकीकत लिहिली आहे ती ऊर्जेचा पाठ शिकवितांना अवश्य वाचावी. धनुर्धराच्या प्रयत्नानें हात मागें येतो, हातानें दोरी व बाण मागें येतात, दोरीनें धनुष्याचीं टोंकें वांकतात. बोटें सुटल्यावर धनुष्यांतील स्थितिस्थापक संस्कार त्यास पूर्ववत् करूं लागतो, त्याबरोबर दोरी पुढें येते, दोरी बाणास ढकलते, बाणांत पहिलें कर्म होतें, कर्मापासून वेग, वेगापासून पुढचीं कर्में, शेवटीं पतन. एकही दुवा सुटलेला नाहीं. आजचा शिक्षक हीच साखळी घेऊन सांगूं शकेल कीं, स्नायूंनीं केलेलें कार्य वांकलेल्या धनुष्यांत स्थितिज ऊर्जा होऊन सांठलें आणि सुटतांच त्याचा बहुतेक भाग बाणाच्या गतिज ऊर्जेंत उतरला. प्रशस्तपाद प्रत्येक कडीस निराळें कारण देतात; आजचें शास्त्र म्हणतें कीं सर्व कड्यांमधून एकच राशि वाहते आणि तिची बेरीज बदलत नाहीं. जुन्या साखळीला नव्या शास्त्रानें दिलेली भर ती हीच. मुलाला दोन्ही एकत्र दाखविलीं तर त्याचा अभिमानही दुखावत नाहीं आणि परीक्षेचें उत्तरही चुकत नाहीं.

आम्हीं नातवास घेऊन बांबूच्या कांबीचें धनुष्य केलें व गच्चीवर ही साखळी त्याला एकेक करून दाखविली. उखळ आतां घरांत नाहीं. खलबत्त्यावर काम भागविलें. बत्ता जोरानें आपटल्यावर हाताला वर बसणारा झटका त्यानें स्वतः अनुभवला, आणि "म्हणजे हें कणादांनीं खरंच लिहिलंय?" असें विचारलें. खरेंच लिहिलें आहे, असें त्यास निःशंकपणें सांगतां आलें.

त्या शाळेच्या मुख्याध्यापकांस आम्हीं पत्र लिहून, काशीस विझियानगरम् संस्कृत ग्रंथमालेंत विंध्येश्वरीप्रसाद द्विवेदी यांनीं १८९५ सालीं न्यायकंदलीसह छापलेल्या प्रशस्तपादभाष्याच्या त्या पानाची प्रत सोबत पाठविली, आणि फलकावर कणादांच्या जागीं प्रशस्तपादांचें नांव, तीन ओळींच्या जागीं संपूर्ण वाक्य व त्याचा अर्थ लिहावा अशी विनंती केली. उत्तर अद्याप नाहीं. या अंकाच्या वाचकांस आमची दुसरी विनंति आहे. ज्यांच्या संग्रहीं पदार्थधर्मसंग्रहाची, अथवा शके ९१३ मध्यें श्रीधरांनीं पूर्ण केलेल्या न्यायकंदलीची, किंवा उदयनाचार्यांच्या किरणावलीची पोथी असेल, त्यांनीं संस्काराच्या प्रकरणांतील वेगाचें वाक्य काढून पाहावें. पांचही अंगें त्याच क्रमानें आहेत काय, 'स्पर्शयुक्त' या अर्थाचें पद कोठें गळलें आहे काय, व समासांवर कांहीं टिपण आहे काय, हें पोथीचें वर्ष, लिपि व पत्रांक यांसह मंडळाकडे कळवावें. तर्कसंग्रहाच्या ज्या प्रतींवर समासांत मराठी अर्थ लिहिलेले असतील त्या तर बाजूस ठेवूंच नयेत. गुरुत्व, वेग व स्थितिस्थापक या तीन शब्दांसमोर जुन्या अध्यापकांनीं मुलांसाठीं कोणते मराठी शब्द लिहिले, हें जुळवून पाहण्याचें काम आम्हीं हातीं घेतलें आहे.